समासातली दुसऱ्यांची आद्याक्षरं

बायबल वाचताना सगळ्यात सोपं काम कुठलं असेल तर ते दुसऱ्यासाठी वाचणं. म्हणजे वचन समोर आलं की लगेच डोक्यात नाव येतं, अरे हे अमक्याला पाठवायला पाहिजे, हे तमकीने वेळेवर वाचलं असतं तर किती बरं झालं असतं. आणि आता तर सोयच झालीये, स्क्रीनशॉट काढा, पिवळं हायलाइट करा, ग्रुपवर टाका, खाली फक्त हात जोडलेला इमोजी. ज्याला लागायचं त्याला लागतं, आपण नामानिराळे.

माझ्या जुन्या बायबलच्या समासात पेन्सिलने लिहिलेली आद्याक्षरं आहेत. पूर्ण नाव लिहायची हिंमत नव्हती, चुकून कुणी उघडलं तर. याकोबाच्या पत्रात तिसऱ्या अध्यायात जिभेबद्दल जे लिहिलंय, लहानशी ठिणगी केवढं रान पेटवते वगैरे, तिथे ऑफिसमधल्या एकीचं. नीतिसूत्रांत आळशी माणसाला मुंगीकडे जायला सांगितलंय तिथे घरातल्याच एकाचं. आणि मत्तयाच्या २३व्या अध्यायात, जिथे येशू परूश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी धर्मपुढाऱ्यांना, धारेवर धरतो, तिथे तर आमच्या चर्चच्या मंडळीतल्या तीन-चार जणांची, एकाखाली एक, हजेरीपट असावा तशी. माझं स्वतःचं अक्षर कुठेच नाही. बरं मी वाचन टाळणारी पण नव्हते, वर्षभरात अख्खं बायबल वाचायचा प्लॅन सुद्धा केलेला, रोजचे अध्याय टिक करायचे, आणि एवढं सगळं वाचून त्यात मी कुठे आहे हा प्रश्नच कधी पडला नव्हता.

हे पहिल्यांदा टोचलं ते दुसऱ्या शमुवेलाच्या १२व्या अध्यायात. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. दावीद राजाने आपल्या सैन्यातल्या उरीयाच्या बायकोला, बथशेबेला, बोलावून घेतलं, मग प्रकरण झाकायला उरीयाला लढाईत जिथे सगळ्यात जास्त धोका तिथे उभं करायला लावलं आणि तो मेला. नाथान संदेष्टा राजाकडे येतो पण आरोप करत नाही, तो एक केस घेऊन येतो. एक श्रीमंत, त्याच्याकडे मेंढरंच मेंढरं, आणि एक गरीब, त्याच्याकडे एकच कोकरी, ती त्याच्या ताटातलं खायची, त्याच्या कुशीत झोपायची. श्रीमंताकडे पाहुणा आला तर त्याने स्वतःचं मेंढरू न कापता गरिबाची ती कोकरी घेतली. दावीद भडकतो, असा माणूस मरायच्या लायकीचा आहे म्हणतो, आणि वर निकाल देतो की त्याने कोकरीच्या चौपट भरून द्यावं.

आता हे चौपट त्याने मनाने नाही काढलं. निर्गम या पुस्तकाच्या २२व्या अध्यायात नियमच आहे, चोरलेलं मेंढरू कापलं किंवा विकलं तर एकाला चार, बैल असेल तर एकाला पाच. म्हणजे राजाला नियमशास्त्र चोख पाठ होतं! रागात सुद्धा कलम बरोबर लावलं! आणि ते सगळं दुसऱ्या कुणाला तरी. मग नाथान म्हणतो, तो मनुष्य तूच आहेस.

हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा माझा समास आठवला. कारण दावीद नेमकं तेच करत होता जे मी पेन्सिल घेऊन करत होते. शास्त्राचं ज्ञान कमी पडत होतं असं नाही, ते वापरायची दिशा एकच होती, बाहेर. आणि मला वाटतं ज्यांना शास्त्र जास्त येतं त्यांना हा धोका जास्त, नवीन माणूस निदान गोंधळून तरी जातो, आपल्याला प्रत्येक वचनाचा 'लाभार्थी' आधीच माहीत असतो.

त्यानंतर मी गोष्टी वाचायची पद्धत थोडी बदलली. काही फार मोठं नाही, फक्त कुठल्याही दाखल्यात, म्हणजे बोधकथेत, मी आपोआप ज्याच्या बाजूला जाऊन उभी राहते त्याच्या ऐवजी दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघायचं. लूकच्या १८व्या अध्यायातला परूशी आणि जकातदार घ्या. परूशी मंदिरात उभा राहून म्हणतो देवा तुझे आभार, मी या जकातदारासारखा नाही. आणि आपण ते वाचून पुस्तक मिटताना मनात काय म्हणतो, देवा आभार, मी त्या परूश्यासारखी नाही. झालं, अडकलो. हा सापळा मुद्दाम लावलाय असं माझं स्पष्ट मत आहे, लूकने सुरुवातीलाच सांगून ठेवलंय की हा दाखला कुणाला सांगितला, तर जे स्वतःला नीतिमान समजून बाकीच्यांना तुच्छ मानत होते त्यांना.

पण मला खरा झटका बसला तो लूक १५ने. उधळ्या पुत्राचा दाखला, धाकटा मुलगा आपला वाटा घेऊन जातो, सगळं उधळून परत येतो, आणि बाप त्याच्यासाठी मेजवानी करतो. हा मी लहानपणापासून ऐकतेय, संडेस्कूलमध्ये नाटक बसवायचे तेव्हा धाकटा मुलगा कोण होणार यावर भांडणं व्हायची, थोरला व्हायला कुणी तयार नसायचं, त्याला डायलॉगच कमी. आणि मी घरात थोरली. माझा धाकटा भाऊ बरीच वर्षं लांब होता, फोन कधीतरी, सणासुदीला मेसेज. बाबा आजारी पडले तेव्हा दवाखान्याच्या चकरा, रिपोर्टच्या फायली, रात्रीचं जागरण, इन्शुरन्सवाल्यांशी वाद, हे सगळं माझ्याकडे. भाऊ शेवटी शेवटी आला आणि बाबांचा चेहरा जो काही खुलला, उशीला टेकून बसले, त्याला जवळ बसवून घेतलं, हात सोडेनात. मी शेजारी औषधाचा डबा घेऊन उभी. सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे असलेला तो डबा असतो ना, त्यात गोळ्या भरत होते. कुणी माझ्याकडे बघितलं पण नाही असं मला तेव्हा वाटलं होतं. खरंच बघितलं नाही की मीच मान खाली घालून गोळ्या मोजत होते, आता सांगता येणार नाही.

बाबा गेले. त्यानंतर मी फोनमध्ये एक नोट बनवली होती. हो, नोट. कोण कधी आलं, कोणी किती खर्च केला, कोणी काय म्हटलं, तारखेसकट. म्हटलं कधी विषय निघालाच तर पुरावा असावा. विषय निघाला नाही, नोट मात्र वाढत गेली.

तर लूक १५ वाचताना यावेळी थोरल्याच्या जागी उभं राहिले. तो शेतातून येतो, गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो, आणि आत जात नाही. बापाला सुनावतो की इतकी वर्षं मी तुमची चाकरी केली, एकदाही आज्ञा मोडली नाही, पण मित्रांबरोबर मजा करायला तुम्ही मला कधी साधं करडू दिलं नाही. म्हणजे त्याच्याकडे पण नोट होती! वर्षं मोजलेली, आज्ञा मोजलेल्या, करडू मोजलेलं. आणि मी इतक्या वेळा वाचून एक गोष्ट कधी लक्षात घेतली नव्हती ती १२व्या वचनात आहे. धाकटा म्हणतो माझा वाटा द्या, आणि बाप आपली मालमत्ता वाटून देतो, पण नुसती धाकट्याला नाही, दोघांना. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २१व्या अध्यायातल्या नियमाप्रमाणे ज्येष्ठाला दुप्पट वाटा असायचा, त्या हिशोबाने उरलेलं सगळं थोरल्याचंच होतं. ज्या करडावरून तो रडतोय तो अख्खा कळप त्याचा. बाप तेच सांगतो, बाळा तू कायम माझ्याबरोबर आहेस, जे माझं ते सगळं तुझंच आहे.

यावर मी बराच वेळ अडकून होते. कारण तू कायम माझ्याबरोबर आहेस हे वाक्य मला आधी नेहमी एक प्रकारची समजूत वाटायची, रडणाऱ्याला गप्प करायला म्हणतात तशी. पण त्या आजारपणात बाबांबरोबर मला जे मिळालं ते भावाला मिळालंच नाही, रात्री झोप येत नसली की ते त्यांच्या पहिल्या नोकरीच्या गोष्टी सांगायचे, चष्मा शोधायला लावायचे आणि तो डोक्यावरच असायचा, हसायचो दोघं. भावाला त्यातलं काही माहीत नाही. माझा वाटा मला आधीच मिळाला होता, आणि मी त्याला 'खर्च' म्हणून नोटमध्ये टाकत होते.

पुढचं पण सांगते नाहीतर हे फार गोड होईल. हे सगळं उमगलं म्हणून राग गेला असं काही झालं नाही. राग तिथेच होता. मग मत्तय १८ आला, क्षमा न करणाऱ्या दासाचा दाखला, आणि तो मला नेहमी थोडा अन्याय्य वाटायचा. राजा एका दासाचं दहा हजार तालांतांचं कर्ज माफ करतो आणि तोच दास बाहेर पडून आपल्या सोबतीचा गळा धरतो, शंभर दिनारांसाठी. उपदेशात नेहमी ते शंभर दिनार म्हणजे किरकोळ चिल्लर असं सांगतात. पण एक दिनार म्हणजे त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी, द्राक्षमळ्याच्या दाखल्यात (मत्तय २०) तोच दर आहे. म्हणजे शंभर दिनार ही तीन महिन्यांच्या वर मजुरी झाली. किरकोळ अजिबात नाही! मला हे कळलं तेव्हा उलट बरं वाटलं. म्हणजे येशू असं म्हणत नाहीये की तुला लागलं ते खोटं, उगाच बाऊ करतेस. लागलं ते खरं आहे, आकडा खरा आहे, कर्ज आहेच. फक्त पलीकडे दुसरा आकडा आहे. एक तालांत साधारण सहा हजार दिनारांचा, दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी, कुठल्याही माणसाच्या शंभर आयुष्यांत न फिटणारी रक्कम. दासाची चूक शंभर दिनार मोजण्यात नाही, ते मोजताना सहा कोटी विसरण्यात आहे.

आता आत्मपरीक्षण या प्रकाराबद्दल माझी एक तक्रार आहे. आपल्याकडे भक्तीच्या नावाखाली काही लोक स्वतःला इतकं उकरत बसतात की त्यातून फक्त उदासी येते, मी किती वाईट, मी किती पापी, आणि शेवटी हे पण स्वतःभोवतीच फिरणं, फक्त उलट्या बाजूने. मी पण त्या फेजमधून गेलेय, डायरीत रोज दोषांची यादी. पौल, सुरुवातीच्या मंडळ्यांना पत्रं लिहिणारा प्रेषित, करिंथकरांस पहिल्या पत्रात चौथ्या अध्यायात काय म्हणतो बघा, मी स्वतःचा सुद्धा न्याय करत नाही, माझं मन मला दोष देत नाही पण तेवढ्याने मी निर्दोष ठरत नाही, न्याय करणारा प्रभू आहे. म्हणजे आपला स्वतःबद्दलचा रिपोर्ट, चांगला असो वा वाईट, शेवटचा नाही. इग्नेशियस लोयोलाने १६व्या शतकात रोजच्या आत्मपरीक्षणाची जी पद्धत घालून दिली, त्याच्या संघातले जेझुइट लोक अजून करतात, तिची सुरुवात पण दोष शोधण्याने होत नाही, आधी मिळालेल्या गोष्टींबद्दल उपकारस्तुती, मग दिवस तपासायचा. मी कॅथलिक नाही पण हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो.

आणि स्तोत्र १३९. 'हे देवा, माझी झडती घे' हे वचन कित्येकांच्या भिंतीवर असतं. पण त्याच्या लगेच वरची चार वचनं कुणी भिंतीवर लावत नाही. तिथे हाच कवी देवाला म्हणतोय की दुष्टांना मारून टाक, मी त्यांचा पुरेपूर द्वेष करतो, ते माझे शत्रू आहेत. म्हणजे समासात आद्याक्षरं लिहून झाली, पेन्सिल अजून हातात आहे, आणि पुढच्याच श्वासाला, माझी झडती घे, माझ्यात काही वाईट मार्ग आहे का बघ. या दोन गोष्टी इतक्या जवळ आहेत हे मला खूप दिलासा देणारं वाटलं. आधी मन शुद्ध करून मग प्रार्थनेला बसायचं असा नियम असता तर स्तोत्रसंहितेतली निम्मी पानं कोरी राहिली असती.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या, आधी आपण 'माणसाने आत्मपरीक्षा करावी' हे वचन ऐकतो, करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय ११. मग सगळे डोळे मिटून आठवड्याची पापं आठवतात. पण तो अध्याय वरून वाचा ना, वाद कशावर चाललाय, तर करिंथच्या मंडळीत खाऊन-पिऊन सुखी असलेले लोक आपापलं जेवण आधीच उरकतायत आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी राहतायत, एक भुकेला आणि दुसरा प्यायलेला. परीक्षा त्याची करायची होती. आणि पौल शेवटी उपाय सांगतो तो किती साधा, एकत्र जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. डोळे मिटून आत बघायला सांगितलं असं आपण समजतो आणि तो म्हणतोय डोळे उघडून बघ शेजारच्याच्या ताटात काय आहे.

हे एकदा दिसलं की मग सगळीकडे दिसायला लागतं. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात, वेदीवर अर्पण ठेवताना आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच सोड, आधी जाऊन समेट कर. हे बोलणं चाललंय गालीलात, आणि वेदी आहे यरुशलेमेत, पायी तीन-चार दिवसांची वाट. ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर काय आलं असेल, इतकं चालून गेलो, नंबर लागला, आणि आता सगळं टाकून परत गावाला जायचं भावाशी बोलायला? आणि बारकाईने बघा, तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध काही असेल तर असं नाहीये, त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध असेल तर. माझी नोट इथे काही कामाची नव्हती, ती सगळी माझ्या बाजूची होती. भावाच्या मनात काय आहे याची एक ओळ पण माझ्याकडे नव्हती.

जक्कयाचं पण तसंच, येशूला बघायला झाडावर चढलेला तो श्रीमंत जकातदार (लूक १९), तो झाडावरून उतरल्यावर मला खूप पश्चात्ताप होतोय वगैरे भाषण करत नाही, अर्धी मालमत्ता गोरगरिबांना आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट, एवढंच बोलतो. स्वतःहून कबूल करणाऱ्याला नियमशास्त्रात (गणना, अध्याय ५) मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा एवढंच भरायचं होतं. जक्कय स्वतःला मेंढरं चोरणाऱ्याचा दर लावतो. दावीदाने जो चौपट दुसऱ्याला सुनावला होता तोच हा माणूस स्वतःला सुनावतो, स्वतःच्या तोंडाने, हसतखेळत, जेवायला पाहुणा घरी आलेला असताना.

तर मी भावाला फोन केला. काही सिनेमासारखं झालं नाही. नोटचा विषय काढायचा नाही एवढं ठरवलं होतं. विचारलं की त्या वेळेस तुला कसं होतं, तू लांब असताना. आधी तो 'ठीक होतं' म्हणाला, मग बराच वेळ ऑफिसचं बोलला, आणि मग मध्येच म्हणाला की ताई तू रोज रिपोर्टचे फोटो पाठवायचीस ना, ते मला कळायचेच नाहीत, मी इथे एका डॉक्टर मित्राला दाखवायचो, आणि तुला विचारायची भीती वाटायची, तू चिडलेली असायचीस. मी चिडलेली असायचे हे खरंच आहे. त्यावर काय बोलायचं हे मला सुचलं नाही, मी फक्त हो म्हटलं. नोट मी त्या दिवशी डिलीट नाही केली, नंतर कधीतरी केली, फोन बदलताना.

बदल म्हटलं की साक्षीत, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सांगताना, नेहमी एका क्षणाची गोष्ट सांगतात. संत ऑगस्टिनची सांगतात, ३८६ साली मिलानमधल्या बागेत रोमकरांस पत्राच्या १३व्या अध्यायातली दोन वचनं वाचली आणि पुढे वाचायची गरजच राहिली नाही. पण त्याच्या आधी तो कित्येक वर्षं झगडत होता ते विसरायचं नाही. मला येशूचा शिष्य पेत्र जास्त जवळचा वाटतो. येशूला ओळखत नाही म्हणाला, रडला, परत उभा राहिला, पेन्टेकॉस्टच्या सणाला हजारोंपुढे बोलला, कर्नेल्य नावाच्या रोमी अधिकाऱ्याच्या घरी जाऊन परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, बसला, म्हणजे आता पक्का झाला असं वाटतं ना? आणि गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तोच पेत्र अंत्युखियात, यरुशलेमेच्या मंडळीतल्या याकोबाकडची माणसं आली म्हणून घाबरून परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठतो, आणि पौलाला सगळ्यांसमोर त्याला सुनवावं लागतं. बर्णबा सुद्धा त्यात वाहून गेला. एवढं सगळं होऊन पण तोच पेत्र, लोक काय म्हणतील म्हणून घाबरणारा. पण सांगणारा पौल समोर होता. एकट्याने वाचण्यात हेच कमी पडतं, मी आता एका मैत्रिणीबरोबर आठवड्यातून एकदा फोनवर वाचते, ती मला बिनधास्त टोकते, हे तू परत दुसऱ्यावर ढकलतेयस म्हणून.

वाचायचं कसं असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन की सुटी वचनं वेचू नका. अध्याय १३व्या शतकात पाडले गेले, नव्या करारातले वचनांचे आकडे तर १५५१ साली रोबेर एस्तिएन नावाच्या छापखानेवाल्याने घातले, त्याआधी लोक पत्र पत्रासारखं वाचत किंवा ऐकत होते. फिलेमोनाला लिहिलेलं पत्र अख्खं २५ वचनांचं आहे, पाच मिनिटांत होतं, आणि त्यात परत हिशोबच आहे, फिलेमोनाच्या अनेसिम नावाच्या दासाचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड असं पौल स्वतःच्या हाताने लिहून देतो.

आम्ही दोघी सध्या यिर्मया वाचतोय. ५२ अध्याय आहेत, पुढच्या आठवड्यात १७वा, हृदय सर्वांत कपटी आहे वाला, आणि मैत्रिणीने आधीच बजावलंय की पेन्सिल घेऊन बसायचं नाही.